नांगर माझ्याकडे होता

“मी काय अलिबागहून आलेय?” हे वाक्य पुण्यात कोणीही कोणाच्याही तोंडावर फेकू शकतं. मला ते फेकता येत नाही, कारण मी खरोखरच अलिबागहून आले आहे. हॉस्टेलमध्ये पहिल्या दिवशी माझं नाव ‘अलिबाग’ पडलं आणि पंचवीस वर्षांनंतरही ग्रुपवर तेच चालू आहे. त्यामुळे ग्रीसमध्ये आठ जणांनी शिडाची बोट घेऊन आठवडाभर बेटं फिरायचं ठरलं, तेव्हा माझं काम मला न विचारताच ठरलं. “तू समुद्राकाठची. तू नांगर सांभाळ.”

समुद्राकाठच्या माणसाचा समुद्राशी संबंध बहुतेक वेळा काठापुरताच असतो, हे देशावरच्या मंडळींना कधीच पटत नाही. मी ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत गेले आहे, भरतीने गाठल्यावर घोडागाडीने परत आले आहे. मांडव्याहून गेटवेला लाँचने किती वेळा गेले याचा हिशेब नाही, आणि त्यातल्या बऱ्याच वेळा बोट लागून पिशवीत तोंड खुपसलेलं आहे. नांगर मात्र मी कोळ्यांच्या होड्यांवरच पाहिला होता, तोही लांबून.

आमच्यातला एक जण बरीच वर्षं साउदॅम्प्टनला राहतो. तिथे त्याने सुट्टीच्या दिवसांत शिडाची बोट चालवण्याचे कोर्स केले, परीक्षा दिल्या आणि आयसीसी नावाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवलं. ग्रीसमध्ये कप्तान बरोबर न घेता नुसती बोट भाड्याने हवी असेल तर असा कागद लागतोच. शिवाय बोटीवर दुसरा एक जाणता माणूस आहे असंही लिहून द्यावं लागतं. दुसरा म्हणून आम्ही मास्तरला उभं केलं. त्याने मुंबईच्या बंदरात छोट्या शिडाच्या होड्यांवर दोन हिवाळे घालवले होते. साउदॅम्प्टनवाल्याचं नाव त्या दिवसापासून ‘तांडेल’, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, झालं. त्याला ते फारच आवडलं, आणि पुढची अर्धी भांडणं त्यातूनच झाली.

गौरी-गणपती उरकून सप्टेंबरच्या उत्तरार्धात निघालो. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून ‘मेल्तेमी’ नावाचा वारा दिवसेंदिवस जोराने वाहतो. सप्टेंबर सरता सरता तो नरमतो आणि पाणी मात्र उन्हाळाभर तापून छान कोमट झालेलं असतं. तरीही सांतोरिनी ज्यांत येतं त्या सायक्लेडीज बेटांकडे न जाता अथेन्सच्या दक्षिणेच्या सरोनिक आखातातच राहायचं, हा तांडेलचा हट्ट होता. तिथे जमिनीचा आडोसा मिळतो आणि दोन बेटांमधलं अंतर बहुधा तीन-चार तासांचंच असतं. सांतोरिनी नाही म्हणून बारक्या आठवडाभर फुरंगटला. त्याने बायकोला फोटोंचं वचन दिलं होतं.

या बोटी शनिवार ते शनिवार मिळतात. अथेन्सजवळच्या आलिमोस मरीनात संध्याकाळी पाचला आमची पंचेचाळीस फुटांची बोट ताब्यात आली. चार केबिन, दोन संडास, एक स्वयंपाकाचा कोपरा. डिपॉझिट म्हणून कार्डावर तीन हजार युरो अडकवून ठेवले, खलाश्यांच्या यादीवर आमची नावं चढली. मी खलाशी! मग कंपनीच्या पोराने दीड तास एकेक झाकण उघडून दाखवलं. जीवरक्षक जॅकेटं, गॅस कुठे बंद करायचा, रेडिओवरचा मदत मागायचा सोळा नंबरचा चॅनेल. सगळ्यात जास्त वेळ त्याने संडासावर घालवला. नळ्या इतक्या बारीक की कागद टाकायचाच नाही, पंप भरपूर मारायचा. “पोटात जाऊन आलेलं तेवढंच आत जाईल,” असं तो म्हणाला, आणि आम्हाला त्याचं काही विशेष वाटलं नाही. आमच्या पिशवीत अथेन्सच्या दुकानातून शोधून आणलेले दोन प्लास्टिकचे मग होते.

पाण्याची टाकी पाचशे लिटरची, माणसं आठ. यात आमची डॉक्टरीण वरचढ निघाली. तिचं बालपण लातूरकडचं. एका तांब्यात आंघोळ कशी करायची हे तिने तिथेच सगळ्यांना ऐकवलं आणि पुढे आठवडाभर नळावर पोलिसासारखी उभी राहिली.

रविवारी सकाळी मरीनाच्या भिंतीबाहेर पडलो. पिरेअसच्या बंदराकडे जाणाऱ्या मोठाल्या फेरीबोटी आणि नांगरून पडलेली मालवाहू जहाजं यांच्यामधून वाट काढत आम्ही निघालो. बोट वाऱ्याच्या तोंडावर धरून मोठं शीड वर ओढलं, पुढचं शीड उलगडलं आणि तांडेलने इंजिन बंद केलं. आवाज गेला. बोट एका कुशीवर कलली, आतल्या कपाटातून चकल्यांचा डबा धाडकन पडला आणि बारक्या ओरडला, “अरे, सरळ कर ना!” ती सरळ करायची नसते हे त्याला समजवायला एजिना येईपर्यंतचा वेळ गेला. मला बोट लागेल अशी सगळ्यांची खात्री होती. मी आलेपाकाची वडी गालात धरून नजर क्षितिजावर ठेवून बसले आणि वाचले. खाली केबिनमध्ये जाऊन मोबाइल पाहत बसलेला मास्तर आडवा झाला.

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, दिवसा समुद्रावरून, रात्री जमिनीवरून. ते परीक्षेपुरतंच आहे असं मला वाटायचं. इथे रोज सकाळी पाणी तेलासारखं पडलेलं असायचं, अकराच्या सुमारास पहिली सुरकुती यायची आणि दुपारी दोन-तीनला शिडं गच्च भरायची. वारा दिसायला लागतो, हे मला नवीन होतं. लांबवर पाण्याचा रंग गडद होत होत आपल्याकडे सरकतो, आणि तांडेल “आला” म्हणाला की दहा सेकंदांत तो मानेला लागतो.

पण शिडं, वारा हे सगळं सोपं म्हणायचं. खरं काम बोट थांबवायच्या वेळी सुरू होतं.

ग्रीक बंदरांमध्ये बोट धक्क्याला आडवी लावत नाहीत, तेवढी जागाच नसते. धक्क्याकडे पाठ करायची, लांब समुद्रात नांगर सोडायचा, साखळी सोडत सोडत उलटं मागे जायचं आणि शेवटी मागच्या दोन कोपऱ्यांतून दोर धक्क्यावर फेकायचे. पुढून नांगर ओढतो, मागून दोर ओढतात, आणि डाव्या-उजव्या शेजाऱ्यांच्या मध्ये बोट पुस्तकांच्या फळीतल्या पुस्तकासारखी उभी राहते. मी नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला. माझ्या हातात दोन बटणांचा रिमोट, एक साखळी खाली सोडणारं, दुसरं वर ओढणारं. तांडेल चौदा मीटर मागे, चक्रावर. मध्ये इंजिनाचा आवाज.

एजिना बेटाच्या दक्षिणेला पेर्डिका नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. तिथल्या खानावळी धक्क्याच्या वर, उंचावर ओळीने मांडलेल्या. म्हणजे थेट प्रेक्षागृहच. लोक ताटातले तळलेले मासे उचलत बोटी लागताना बघतात. आमची पहिली खेप वाऱ्याने उधळली, नाळ भलतीकडेच गेली. दुसऱ्या खेपेला मी साखळी इतकी हळू सोडली की बोट अर्ध्यातच गचका खाऊन थांबली. “सोड! सोड म्हटलं तर!” तांडेल किंचाळला. मला ऐकू आलं “ओढ”. मी ओढली. मागे मास्तर दोर घेऊन धक्क्यावर उडी मारायच्या तयारीत, आणि धक्का त्याच्यापासून लांब लांब चाललेला. आमच्यातलं एकुलतं एक जोडपं फेंडर, म्हणजे बोटीच्या कडेला टांगायची हवेची उशी, कोणत्या उंचीला बांधायचा यावरून एकमेकांच्या माहेर-सासरपर्यंत पोचलं होतं. वर बसलेल्यांना मराठी येत नव्हतं हे आमचं नशीब.

तिसऱ्या खेपेला लागली. वरून टाळ्या वाजल्या. शेजारच्या बोटीवरचे एक पांढऱ्या मिशांचे ग्रीक आजोबा काही न बोलता माझ्यापाशी आले, माझ्या हातातला रिमोट खाली ठेवला आणि तळहात जमिनीकडे करून दाखवला: सोड. मूठ वळली: थांब. अंगठा वर: ओढ. मग बोटाने आधी माझ्याकडे आणि नंतर तांडेलकडे दाखवून स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. त्या रात्रीपासून नांगर टाकताना कोणी तोंड उघडायचं नाही असा ठराव झाला. तांडेलला तो पाळणं सर्वांत जड गेलं.

जेवण तिथेच. मुख्य पदार्थाच्या आधी ‘फावा’ आला, पिवळ्या डाळीचं घोटलेलं घट्ट वरण, वरून कच्चा कांदा आणि ऑलिव्हचं तेल. डॉक्टरीण म्हणाली, “फोडणी विसरलेत.” तिने बॅगेतून लसणाची चटणी काढली आणि मग त्या वरणाचा पत्ता लागला नाही. एजिनाचे पिस्ते प्रसिद्ध आहेत, ते किलोभर घेतले. बोटीच्या फटीफटींतून त्यांची टरफलं शेवटच्या दिवसापर्यंत सापडत होती.

दुसऱ्या दिवशी पोरोस. समोरचं गालातास गाव इतकं जवळ की मधल्या चिंचोळ्या पाण्यातून बोट नेताना दोन्हीकडच्या गॅलऱ्यांतले कपडे दिसतात. वकिलाला डेमॉस्थेनीसची जागा बघायची होती. अथेन्सचा हा वक्ता मॅसिडोनियाच्या माणसांपासून पळत या बेटावरच्या पोसायडन या समुद्रदेवाच्या देवळात आला आणि इ.स.पूर्व ३२२ मध्ये त्याने तिथेच विष घेतलं. देवळाचे आता पायाचे दगड उरलेत. वकील तिथे टोपी काढून पाच मिनिटं उभा राहिला, आम्ही सावली शोधत बसलो.

पोरोसला एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. धक्क्याला बांधलेल्या दोरांकडे रात्रभर कोणी बघितलं नाही. मी सवयीने दोनदा उठून पाहिलं, कारण आमच्याकडे सहा तासांत पाणी दोन पुरुष खाली जातं, होडी आखडून बांधली तर लोंबकळेल. इथे भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, फार तर वीतभर. मला समुद्र म्हणजे येणारं आणि जाणारं पाणी. हा समुद्र जागचा हलत नव्हता. त्या रात्री मला तो तळ्यासारखा, थोडा खोटाच वाटला.

तिथेच भांडणही झालं. दिवसभर हुकूम ऐकून बारक्या तापला होता. “माझी जर्नल्स उतरवून पास झालास, आणि मला दोर गुंडाळायला शिकवतोस?” तांडेल म्हणाला, बोटीवर एकाचंच चालतं. बारक्या म्हणाला, मग एकट्यानेच जा. दोघेही वेगवेगळ्या टोकांना जाऊन बसले, पण पंचेचाळीस फुटांत माणूस जाऊन जाऊन किती लांब जाणार? मी खिचडी टाकली. बोटीची शेगडी कड्यांवर झुलते, बोट कलली तरी पातेलं सरळ राहतं. मेतकूट-तूप घातल्यावर दोघांनी एकाच वेळी ताटं पुढे केली. माफी वगैरे कोणी मागितली नाही. तांडेलने भांडी घासली, तीही समुद्राच्या पाण्याने.

आणि मग इद्रा. इंग्रजी नकाशांवर हायड्रा. कचऱ्याची गाडी वगैरे सोडली तर बेटावर मोटारी नाहीत, सामान गाढवांवर आणि खेचरांवर जातं. समुद्रात ठेवलेलं माथेरानच म्हणायचं. नालेच्या आकाराचं छोटंसं बंदर, त्याभोवती चढत गेलेली दगडी घरं. ती घरं जहाजांच्या मालकांची. १८२१ मध्ये तुर्कांविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पेटलं तेव्हा इथल्या व्यापाऱ्यांनी आपली मालाची गलबतं लढाईत उतरवली होती. आंग्र्यांच्या गावची असल्यामुळे मला हे वाचताना उगाच आपलं वाटलं. पण हे सगळं संध्याकाळी. दुपारी आम्ही तिथे शिरलो तेव्हा धक्क्याची पहिली ओळ भरलेली, दुसरी भरत आलेली. दुसऱ्या ओळीतल्या बोटी पहिल्या ओळीच्या नाळांना बांधतात आणि धक्क्यावर जायचं तर लोकांच्या बोटींवरून, चपला हातात घेऊन, “सॉरी, सॉरी” करत जायचं. आम्ही दुसऱ्या ओळीत, मुक्या अभिनयाने, पहिल्याच खेपेत लागलो. मला एवढा आनंद बोर्डाच्या निकालालाही झाला नव्हता.

तो सकाळी उतरला. बंदर छोटं, दोन्ही बाजूंच्या बोटींचे नांगर मधल्या त्याच पाण्यात पडतात. साखळ्या एकमेकींवर पडणारच. नऊ वाजता मी वरचं बटण दाबलं, साखळी मुकाट येत राहिली, दहा-दहा मीटरवरच्या रंगाच्या खुणा मोजत होते, आणि शेवटच्या काही मीटरवर यंत्र कण्हायला लागलं. वाकून पाहिलं तर आमचा नांगर पाण्याबाहेर आलेला, आणि त्याच्या पात्यावर आडवी, चिखलाने लडबडलेली, माझ्या मांडीएवढी जड दुसऱ्याची साखळी. समोरच्या बाजूच्या एका मोठ्या बोटीवर कॉफी पिणारा माणूस कप ठेवून उभा राहिला. साखळी त्याची होती.

मी मूठ वळून हात वर केला. मागे तांडेलने एक शब्द काढला नाही. हे त्या आठवड्यातलं सर्वांत मोठं आश्चर्य. पाणी चढत-उतरत नव्हतं, वारा अजून जागा झाला नव्हता, त्यामुळे घाई नव्हती, हे मला त्या क्षणी उमगलं आणि छातीतली धडधड थोडी बसली. बारक्या पोटावर आडवा झाला. मास्तरने त्याचे पाय धरले. बारक्याने एक दोर त्या परक्या साखळीच्या खालून घालून आकडीने त्याचं टोक परत वर घेतलं आणि दोन्ही टोकं आमच्या खुंट्याला करकचून बांधली. आता ती साखळी आमच्या दोरावर टांगलेली. मी तळहात खाली केला, तो माझा मलाच, आणि आमचा नांगर हळूहळू खाली सोडला. वजन दोरावर गेलं, नांगराचं पातं साखळीखालून निसटलं, बोट जरा मागे सरकली, नांगर मोकळा झुलला. मग तो वर घेतला आणि शेवटी बारक्याने दोराचं एक टोक सोडलं. साखळी धपकन पाण्यात गेली आणि आम्हा दोघांच्या तोंडावर चिखल उडाला. समोरच्या माणसाने कपाने सलाम केला. दहा-बारा मिनिटांचं काम. त्यात कोणी कोणाला शिकवलं नाही.

बंदराबाहेर आल्यावर तांडेल पुढे आला, म्हणाला, “अलिबागहून आलीयेस खरी.” पंचवीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा कौतुकाने ऐकलं.

त्या रात्री कुठल्याही बंदरात जायचं नव्हतं. इद्रापासून जवळच दोकोस नावाचं जवळपास निर्मनुष्य बेट आहे, त्याच्या एका खाडीत मुक्काम. गाव नाही, दिवा नाही, शेळ्यांच्या घंटा तेवढ्या. इथे मागून धरायला धक्का नाही, म्हणजे सगळा भरवसा माझ्या नांगरावर. पाण्याच्या खोलीच्या चार-पाच पट साखळी सोडायची, मग बोट उलटी घेऊन तो जमिनीत रुततो का ते बघायचं. समुद्री गवतावर पडला तर घसरतो, वाळू हवी. वरून बघताना वाळू फिकी आणि गवत काळं दिसतं. मी फिक्या ठिपक्यावर टाकला, आणि खात्री पटेना म्हणून गॉगल लावून पाण्यात उतरून पाहून आले. सहा-सात मीटर खाली, निळ्या उजेडात, पातं वाळूत निम्मं बुडालेलं. साखळी सरळ रेषेत पसरलेली. मी तीनदा श्वास घेऊन तीनदा बघितला.

याच बेटाजवळ १९७५ मध्ये पीटर थ्रॉकमॉर्टन या समुद्रतळातल्या पुरातत्त्वाच्या अभ्यासकाला एका बुडालेल्या जहाजाचा माल सापडला, सुमारे ४२०० वर्षांपूर्वीचा. लाकूड समुद्राने केव्हाच खाल्लं होतं. उरली होती मातीची भांडी, आणि दगडाचे दोन नांगर. हे वकिलाने जेवताना सांगितलं. सगळे भांड्यांविषयी बोलत राहिले. माझ्या डोक्यात नांगर बसले. तेव्हाही कोणीतरी नाळेवर उभं राहून खाली बघत असणार, काळं की फिकं.

झोप लागली नाही. मोबाइलवर नांगराचा गजर लावला होता, बोट ठरावीक वर्तुळाबाहेर गेली तर वाजतो. तरी मी चादर घेऊन नाळेवर आडवी झाले. साखळीला कान लावला की खालचा खरखराट ऐकू येतो. बोट वाऱ्याबरोबर फिरते तशी ती वाळूवरून घासते. पहाटे दोनला डॉक्टरीण आली, तिलाही झोप नव्हती. तिने मुलाचं सांगितलं, मी आईचं. ती ग्रुपवर टाकता येण्यासारखी बोलणी नव्हती. चारच्या सुमारास वारा जमिनीकडून वळला. मतलई. बोट सावकाश वळली आणि आमच्या डोक्यावरचं सगळं आकाश तिच्याबरोबर फिरलं.

परतीचं फार सांगण्यासारखं नाही. गुरुवारी पोरोसजवळच्या रशियन खाडीत थांबलो, जुन्या रशियन नौदलाच्या पडक्या भिंतींसमोर पोहलो. शुक्रवारी पहाटे निघून पंचवीस-तीस सागरी मैल एका दमात. दुपारी वाऱ्याचा जोर खलाश्यांच्या मापाने पाच नंबरला गेला तेव्हा मोठं शीड खालून गुंडाळून आखूड केलं. बारक्या चक्रावर होता, पाण्याचे शिंतोडे खात, आणि त्याला बाजूला हो म्हणायची कोणाची छाती नव्हती. सांतोरिनीचं नाव त्याने काढलं नाही.

आलिमोसला डिझेल भरलं आणि आमच्या जागेकडे वळलो. मी सवयीने नाळेवर जाऊन रिमोट हातात घेतला, साखळीची खीळ काढली. तांडेल मागून हात हलवत होता, त्या आमच्या तीन खुणांत न बसणारी काहीतरी चौथीच खूण. मरीनाचा माणूस छोट्या रबरी होडीतून आला आणि त्याने पाण्यातून एक शेवाळलेला, गाळाने माखलेला दोर वर काढून माझ्याकडे दिला. इथे पुढचा दोर कायमचा तळाला बांधलेलाच असतो. नांगर टाकायचाच नसतो.

मी खीळ परत घातली.